निवाऱ्याचा न्याय आणि आपला समाज



दरवर्षी जयंतीच्या सुमारास आपल्यापैकी अनेक कुटुंबे मुलाबाळांसह उत्तर लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरी जातात. 1921-22 च्या काळात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे भाड्याने राहत असत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील संशोधन आणि ग्रेज इन येथील बॅरिस्टरीचा अभ्यास, या दोहोंच्या ओढाताणीत रात्री पाठ टेकण्याची जागा ती हीच. आपण तेथे अभिवादन करतो, छायाचित्रे काढतो आणि भारावून परततो. परंतु ज्या घरापुढे आपण नतमस्तक होतो त्या घरावरच एक कायदेशीर वाद उभा राहिला होता, हे आपल्या तरुण पिढीतील फार थोड्यांना ठाऊक असेल. 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेऊन तेथे स्मारक केले. राहत्या घराचे संग्रहालय करावयाचे तर स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. कॅम्डेन कौन्सिलने ती नाकारली. राहण्याची जागा कमी होते, असे तिचे म्हणणे होते. प्रकरण अपिलात गेले, 2019 साली जाहीर चौकशी झाली आणि मार्च 2020 मध्ये मंत्र्यांनी संग्रहालयाला मान्यता दिली. आपल्या सर्वांच्या भावना त्या वास्तूच्या पाठीशी होत्याच. पण भावनेच्या जोडीला मुदतीत केलेले अपील, नीट लावलेली कागदपत्रे आणि मुद्देसूद युक्तिवाद होता, म्हणून ते स्मारक आज उभे आहे.

ही हकिकत मी मुद्दाम आरंभी सांगितली. गेली तीस वर्षे मी या देशात सॉलिसिटर म्हणून घरांचेच खटले चालविले. भाडेकरूला घराबाहेर काढणे, ओल आणि बुरशी, बंद पडलेला बॉयलर, परत न मिळालेली अनामत रक्कम, कौन्सिलने नाकारलेला निवारा, हे माझे रोजचे विषय. आपल्या समारंभांत कोणी माझी ओळख करून देताना 'या वकील आहेत' एवढे म्हणतात, पुढे 'कसल्या?' असा प्रश्न आला आणि मी 'भाडेकरूंच्या' असे उत्तर दिले की समोरच्या चेहऱ्यावरचा आदर किंचित कमी होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मला त्याचा विषाद नाही. मात्र निवाऱ्याचा न्याय हा आपल्या चळवळीच्या कामाचाच भाग आहे आणि परदेशात आल्यावर आपण नेमका तोच भाग विसरत चाललो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

1917 सालचा बडोद्याचा प्रसंग आपणा सर्वांना मुखोद्गत आहे. अमेरिका आणि इंग्लंड येथे शिकून आलेले बाबासाहेब करारानुसार संस्थानाच्या नोकरीत रुजू होण्यास तेथे गेले. हिंदूंच्या वस्तीत जागा मिळण्याची आशा नव्हती, म्हणून एका पारशी उतारगृहात पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर लोक वर चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याचा दम देऊन गेले. एका हिंदू मित्राकडे आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आश्रय मागून पाहिला. दोघांनीही अडचण सांगितली. अखेर कमाटी बागेत बसून वेळ काढावा आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी, एवढेच त्यांच्या हाती उरले.

हा प्रसंग आपण जातीच्या क्रूरतेचा दाखला म्हणून सांगतो आणि तो तसा आहेच. मी मात्र माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलामुलींना तो वकिलाच्या नजरेने वाचावयास सांगत असे. त्या दिवशी नोटीस नव्हती, न्यायालयाचा हुकूम नव्हता, सामान हलविण्यास मुदत नव्हती, आणि 'थांबा, या माणसाला असे काढता येणार नाही' असे म्हणणारा एकही मनुष्य दारात उभा नव्हता. जगातील उत्तम विद्यापीठांत शिकलेला विद्वान एका सकाळीत बेघर होऊ शकतो, कारण विद्या मनुष्याजवळ असते आणि दाराची किल्ली दुसऱ्याजवळ. घरांच्या खटल्यांचा सॉलिसिटर जे काही करतो ते एवढेच, की त्या सकाळी तो दारात उभा राहतो.

प्रत्यक्षात हे काम कसे चालते, ते सांगते. बॅरिस्टर न्यायालयात युक्तिवाद करतो. सॉलिसिटर त्याआधीचे सारे करतो. अशिलाची हकिकत ऐकून घेणे, तिच्यातून तारखा वेचणे, विरुद्ध पक्षाला पत्र लिहिणे, पुरावा गोळा करणे आणि मुदत चुकू न देणे, हे त्याचे काम. घरांच्या बाबतीत तो बहुधा काउंटी कोर्टात स्वतःच उभा राहतो. ताब्याच्या दाव्यांचा दिवस असला की कोर्टाच्या बाहेरच्या दालनात लोक बाकांवर बसलेले असतात. कोणाच्या मांडीवर मूल, कोणाच्या हातात न उघडलेली पाकिटे. एकेका दाव्याला न्यायाधीशांपुढे पाच-दहा मिनिटे मिळतात आणि तेवढ्या अवधीत एका कुटुंबाचे घर राहणार की जाणार, हे ठरते. दालनाच्या एका कोपऱ्यात टेबल मांडून बसलेला सॉलिसिटर त्या दिवशी आलेल्या कोणालाही विनामूल्य सल्ला देतो आणि त्याच्यासह आत जातो. 2023 च्या ऑगस्टपासून ही योजना अधिक व्यापक झाली आहे. घर जाण्याची नोटीस हाती पडल्यापासूनच तिचा लाभ घेता येतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

त्या बाकांवर बसलेल्यांपैकी अर्ध्याअधिक लोकांना एक मूलभूत गोष्ट माहीत नसते. 1977 च्या कायद्यानुसार इंग्लंडमधील बहुतेक भाडेकरूंना न्यायालयाच्या हुकुमाशिवाय घराबाहेर काढता येत नाही. नोटिशीची मुदत संपली म्हणजे घर सुटले, असे होत नाही. मुदत संपल्यावर मालकाने कोर्टात जावयाचे, कोर्टाने ताब्याचा हुकूम द्यावयाचा, आणि तरीही भाडेकरू न गेल्यास कोर्टाच्या बेलिफाने यावयाचे, असा तो क्रम आहे. यातील एकही पायरी गाळून कुलूप बदलणे, वीज तोडणे, सामान रस्त्यावर ठेवणे हा फौजदारी गुन्हा आहे. हे ठाऊक नसल्यामुळे नोटीस मिळताच आदल्या रात्री सामान बांधून निघून गेलेली आपली कुटुंबे मी पाहिली आहेत. निमूटपणे निघून जाणे यालाच आपण सभ्यपणा समजतो.

माझे वडील मुंबईत गिरणी कामगार होते. आमच्या चाळीतील एका खोलीत आम्ही सातजण राहत असू. पत्र्याच्या पेटीत सर्वांत तळाशी, लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून, त्यांनी भाडेपावत्यांचा गठ्ठा ठेवलेला असे. वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हते. पण पावती असेल तर खोली आपली, एवढे त्यांना पक्के समजत होते. येथे मात्र उच्चशिक्षित मंडळी माझ्यापुढे येऊन सांगत, 'भाडे रोख देत होतो, पावती घेतली नाही, मालक ओळखीचे होते.' त्या वेळी मला ती पेटी आठवे. चाळीतल्या माणसाला जे कळत होते ते आपण विमानात बसताना मागे ठेवून आलो की काय, असे वाटे.

कायद्याच्या क्षेत्रात नावांचा खेळ फार चालतो आणि या विषयावर आपल्या समाजाला बोलण्याचा विशेष अधिकार आहे. एके काळी येथील घरमालक भाडेकराराला 'परवाना' असे नाव देत असत. भाडेकरू ठरला तर त्याला संरक्षण मिळे, परवानाधारक ठरला तर मिळत नसे. 1985 साली स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. घरमालक स्वतः सॉलिसिटर होते आणि त्यांनी कागद मोठ्या कौशल्याने तयार केला होता. न्यायमूर्तींनी कागदाचे शीर्षक बाजूला ठेवले. त्या बाईंना खोल्यांचा स्वतंत्र ताबा आहे काय, मुदत ठरलेली आहे काय, भाडे दिले जाते काय, एवढेच पाहून त्यांनी तिला भाडेकरू ठरविले. 1938 साली मुंबईच्या विधानसभेत 'हरिजन' या नावाला विरोध करून बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले, त्यामागचा विचार याच जातीचा नव्हता काय? गोड नाव दिल्याने माणसाची स्थिती पालटत नाही. पाहावयाचे असते ते प्रत्यक्ष व्यवहाराकडे. आजही आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती जेव्हा एखादा 'पाहुण्यांसाठी करार' दिला जातो, तेव्हा शीर्षकाला न फसता त्यांनी व्यवहार पाहावा.

घर मिळाले तरी ते राहण्यायोग्य असावे लागते. 1985 च्या कायद्याच्या अकराव्या कलमाने घराचा सांगाडा, पाणी, वीज, गॅस, उष्णता आणि गरम पाणी यांची दुरुस्ती सामान्यतः मालकाच्या माथी आहे. 2018 च्या कायद्याने घर माणसाने राहण्यास योग्य असलेच पाहिजे, असे बंधन आले. असे असूनही रॉचडेल येथे डिसेंबर 2020 मध्ये अवाब इशाक हे दोन वर्षांचे बालक घरातील बुरशीमुळे मरण पावले. त्याच्या आईवडिलांनी तक्रारी केल्या होत्या. ते सुदानहून आलेले होते, आणि 'यांच्या राहणीमुळेच ओल येते' या समजुतीवर त्यांच्या तक्रारींची बोळवण झाली. नोव्हेंबर 2022 मध्ये मृत्यूच्या चौकशीत सत्य बाहेर आले आणि त्या बालकाच्या नावाचा कायदा झाला. 27 ऑक्टोबर 2025 पासून सामाजिक घरमालकांवर धोकादायक ओल आणि बुरशी ठरावीक मुदतीत दूर करण्याचे बंधन आले. 'तुम्ही फोडण्या फार देता, कपडे घरात वाळवता' हे वाक्य आपल्यापैकी किती गृहिणींनी ऐकले आहे! ते ऐकून ओशाळू नये. भिंतीचे छायाचित्र काढून, तारीख घालून, लेखी तक्रार करावी. सॉलिसिटरच्या हातात पुढे तीच तक्रार शस्त्र म्हणून येते.

भेदभावाचा विषयही घरापासून सुरू होतो. 1965 साली या देशात वंशभेदविरोधी पहिला कायदा झाला तेव्हा त्यात घरांचा समावेशच नव्हता. 'काळ्यांना जागा नाही' अशा पाट्या त्यानंतरही कायदेशीर होत्या. 1968 च्या कायद्याने ती उणीव भरून काढली. जातीच्या बाबतीत मात्र अद्याप काम अपुरे आहे. जातीचा समावेश समता कायद्यात करावा, असे बंधन संसदेने 2013 साली शासनावर घातले. 2018 साली शासनाने ते करणार नसल्याचे जाहीर केले आणि न्यायालयांच्या निवाड्यांवर भिस्त ठेवली. तो निवाडा 2014 सालचा. नोकरीविषयक अपील न्यायाधिकरणाने म्हटले की, योग्य प्रकरणी जात ही 'वांशिक मूळ' या संज्ञेत येऊ शकते. म्हणजे दार बंद नाही, पण प्रत्येक वेळी ते ढकलणारा कोणी तरी लागतो. आडनाव विचारून, गाव विचारून, 'आम्ही शुद्ध शाकाहारी' असे सांगून आपल्या मुलांना खोली नाकारली गेल्याच्या हकिकती आपण एकमेकांना जेवताना सांगतो. त्यांपैकी किती हकिकती तारखेसह, संदेशासह, साक्षीदारासह कोणी लिहून ठेवल्या? लिहून न ठेवलेल्या अन्यायाचा खटला होत नसतो.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळते. हा मुद्दा काहींना कटू वाटेल.

आपण या देशात आलो तेव्हा बहुतेक सारे भाडेकरू होतो. आज आपल्यापैकी अनेकांनी कष्टाने एक, दोन, क्वचित त्याहून अधिक घरे घेतली आहेत. ही अभिमानाची बाब आहे. पण घर घेतल्याबरोबर आपण दाराच्या दुसऱ्या बाजूस गेलो, याची जाणीव आपल्याला आहे काय?

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. आपल्याच समाजातील एक मान्यवर कार्यकर्ते, त्यांच्या एका घराचा वरचा मजला आपल्याच एका तरुण जोडप्याला भाड्याने दिलेला. स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाकघर. पदरी तान्हे मूल. हिवाळ्यात बॉयलर बंद पडला, सांगूनही दुरुस्त होईना, तेव्हा त्या मुलीने कौन्सिलकडे तक्रार केली. एका गुरुवारी ती मुलाला दवाखान्यातून घेऊन परतली, तो कुलूप बदललेले. कपडे, भांडी, बाळाचा पाळणा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली भगवान बुद्धांची मूर्ती काळ्या पिशव्यांत भरून अंगणात ठेवलेली.

ती माझ्याकडे आली त्याच संध्याकाळी मला फोन येऊ लागले. 'ताई, हा समाजाचा प्रश्न आहे. कोर्टात गेलात तर बाहेरचे लोक हसतील. रविवारी विहारात बसून मिटवू.' फोन करणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांच्यापैकी काहींनी मला या देशात पहिली नोकरी मिळवून दिली होती. मी त्यांना एवढेच विचारले, 'रविवारपर्यंत बाळाने कोठे झोपावे?' या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळ नव्हते. त्या मुलीचा नवराही कचरत होता. ती मात्र ठाम होती. तातडीचे कायदेशीर साहाय्य मंजूर करून घेऊन शुक्रवारी सकाळी आम्ही न्यायाधीशांपुढे उभे राहिलो. भाडे बँकेतून दिल्याच्या नोंदी तिच्याजवळ होत्या, बॉयलरविषयी लिहिलेल्या पत्राची प्रत होती. दुपारपर्यंत हुकूम मिळाला आणि संध्याकाळी किल्ली परत आली.

हा विजय म्हणावा काय, याचा मी अजूनही विचार करते. दोन महिन्यांनी ते जोडपे स्वतःहून दुसरीकडे गेले. खालच्या मजल्यावर मालकांचे जाणे-येणे असताना त्यांना तेथे राहवेना. त्या गृहस्थांनी पुढे माझ्याशी कधीही शब्द उच्चारला नाही. त्यांचे चळवळीतील कार्य मोठे होते, हे मी तेव्हाही म्हणत असे, आजही म्हणते. त्यांच्या अंत्यविधीला मी गेले आणि मागच्या रांगेत उभी राहिले. पण तोच प्रसंग पुन्हा आला तर मी तेच करीन. बडोद्याच्या त्या सकाळी काठ्या घेऊन आलेल्यांनाही आपल्या समाजाचीच अब्रू राखावयाची होती. समाजाच्या अब्रूसाठी कोणा एकाला रस्त्यावर काढावयाचे, हा न्याय आपण ज्यांच्याकडून भोगला त्यांचाच आपण उचलावा, हे मला मान्य होणे शक्य नव्हते.

घरमालकांच्या अडचणी मला कळत नाहीत, असे कोणी समजू नये. एक घर गहाण ठेवून दुसरे घेतलेले, निवृत्तीचा सारा आधार त्या भाड्यावर, आणि भाडेकरू सहा महिने पैसे देत नाही, अशी आपली वडीलधारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांचे दुःख खरे आहे. त्यांच्यासाठीही कायद्याचा मार्ग आहे आणि त्यांनीही वेळीच सल्ला घ्यावा, असे मी त्यांना सांगत आले. ऑक्टोबर 2025 मध्ये भाडेकरूंच्या हक्कांचा नवा कायदा संमत झाला असून त्याच्या अंमलबजावणीची तारीख 1 मे 2026 ही आहे. 1988 च्या कायद्यातील एकविसाव्या कलमाखाली काहीही कारण न देता दोन महिन्यांची नोटीस देण्याची सोय त्याने खाजगी भाडेकरूंपुरती रद्द केली. घर विकावयाचे असो, स्वतः राहावयास यावयाचे असो किंवा भाडे थकलेले असो, मालकाला कारण द्यावे लागते आणि ते सिद्ध करावे लागते. नव्या भाडेकरूकडून एका महिन्याहून अधिक भाडे आगाऊ मागण्यासही त्या कायद्याने मनाई केली. नुकत्याच आलेल्या कुटुंबाकडून 'येथे तुमची ओळख नाही' म्हणून सहा-सहा महिन्यांचे भाडे आगाऊ घेण्याची प्रथा आपल्यातील मालकांतही होती, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. (हा सारा कायदा इंग्लंडपुरता, स्कॉटलंड आणि वेल्समधील बंधूंनी आपापल्या ठिकाणचे नियम पाहावेत.)

तरीही एक मोठी फट उरते आणि ती आपल्या घरांतूनच जाते. मालक ज्या घरात स्वतः राहतो, त्याच घरातील खोलीत राहून त्याच्यासमवेत स्वयंपाकघर वापरणारा विद्यार्थी, म्हणजे लॉजर, याला न्यायालयाच्या हुकुमाचे संरक्षण सहसा मिळत नाही. वाजवी नोटीस दिली की पुरते. भारतातून आलेली आपली किती मुले-मुली अशाच खोल्यांत राहतात, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. त्यांच्यासाठी मी कोर्टात फार काही करू शकत नव्हते. 1943 साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या व्याख्यानात बाबासाहेबांनी बजावले होते की, हक्कांचे खरे रक्षण समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते. ती जागी नसेल तर कायदा निरुपयोगी ठरतो. त्या विधानाचा अर्थ मला ग्रंथ वाचून जितका कळला नाही तितका या खोल्यांनी शिकविला. जेथे कायदा थांबतो तेथे आपले पंचशील सुरू व्हावे, अशी अपेक्षा करणे अवाजवी आहे काय?

म्हणून आपल्या संस्थेपुढे मी नम्रपणे चार सूचना ठेवते. पहिली, संस्थेच्या सभासदांपैकी जे कोणी घर किंवा खोली भाड्याने देतात त्यांनी लेखी करार, भाड्याची पावती आणि लॉजरला निदान एका महिन्याची लेखी नोटीस, एवढे बंधन स्वेच्छेने स्वीकारावे. व्यवस्थापक मंडळाच्या सदस्यांनी त्याचा आरंभ स्वतःपासून करावा. दुसरी, घराच्या वादात सामोपचार जरूर करावा, पण किल्ली भाडेकरूच्या हाती असतानाच. कुलूप बदलल्यानंतरचा सामोपचार हा दबाव असतो. तिसरी, महिन्यातून एक संध्याकाळ विहारात कागद तपासण्यासाठी ठेवावी. करार, नोटिसा, कौन्सिलची पत्रे घेऊन लोकांनी यावे. मुदत कोणती आणि जावयाचे कोठे, एवढे सांगणारा एक जाणकार बसावा. बहुतेक घरे न्यायाधीशांपुढे जाण्याच्या कितीतरी आधी, न उघडलेल्या पाकिटांत जातात.

चौथी सूचना तरुणांविषयी आहे. आपण मुलांना डॉक्टर करतो, संगणकतज्ज्ञ करतो, आणि ते योग्यच आहे. पण दर काही वर्षांनी आपल्यातून एक तरी मुलगा किंवा मुलगी या कामात यावी. 2021 पासून सॉलिसिटर होण्याची परीक्षापद्धती बदलली आहे. कोणत्याही विषयाचा पदवीधर ती परीक्षा देऊ शकतो आणि आवश्यक असलेला दोन वर्षांचा अनुभव विधी केंद्रातही मिळविता येतो. अशा केंद्रांपैकी पहिले 1970 साली लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन या गरीब वस्तीत निघाले. पैशाची गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. 2012 च्या कायद्याने शासकीय विधी साहाय्यावर कुऱ्हाड चालविली, त्याआधीच 2011 साली वकिलांचा मेहनताना दहा टक्क्यांनी घटविला गेला होता, आणि 1996 नंतर पहिल्यांदा वाढ मान्य झाली ती 2025 साली. या कामात बंगला होत नाही. म्हणूनच परीक्षेचे शुल्क आणि त्या दोन वर्षांचा थोडा आधार संस्थेने द्यावा. दरवर्षी समारंभाच्या सभागृहावर, ध्वनिक्षेपकावर आणि भोजनावर आपण जेवढा खर्च करतो, त्यातील काही भाग पुरेल.

बाबासाहेब बॅरिस्टर झाले आणि मुंबईला परतून त्यांनी वकिली सुरू केली. ते परळच्या चाळीत राहत होते. गरीब अशिलांना त्यांचे दार उघडे होते. त्यांच्या विद्वत्तेचा वारसा सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या वकिलीच्या या बाजूचा वारसा चालविण्यास कोणी तरी पुढे यावे, एवढीच माझी विनंती आहे. मी आता निवृत्त झाले आहे; पण महिन्यातील त्या एका संध्याकाळी विहारात टेबलापाशी बसण्याची माझी तयारी आहे. येताना पाकिटे घेऊन यावे. ती उघडलेली नसली तरी चालेल, आपण मिळून उघडू.

जयभीम! नमो बुद्धाय!